सासूबाईंच्या मापाची गाडी

"म्हातारीचं आता काही खरं नाही. रोज सकाळी खोकते, धूर काढते आणि बसून राहते. मी म्हणतो, अजून कुणी न्यायला तयार आहे तोवर देऊन टाकावी."

निरीक्षक फोनवर त्यांच्या मेकॅनिकशी बोलत होते, आणि बोलत होते ते आपल्या एकोणीस वर्षांच्या गाडीबद्दल. गाडीला म्हातारी म्हणायची पद्धत घरात चार-पाच वर्षांपासून होती. मात्र दीड वर्षापूर्वी सासूबाई पाठीच्या उपचारासाठी महिनाभर म्हणून राहायला आल्या आणि राहिल्या, तेव्हापासून हा शब्द त्यांच्या कानावर पडू नये याची सगळे काळजी घेत. त्या दिवशी सासूबाई झोपल्या आहेत असं निरीक्षकांना वाटलं होतं. त्या शेजारच्या खोलीत दार अर्धवट लोटून पाठ शेकत पडल्या होत्या.

फोन ठेवून ते वळले तर सासूबाई दारात उभ्या. हातात गरम पाण्याची पिशवी, चेहऱ्यावर काही नाही.

"कुणाला देणार आहात ते दोन दिवस आधी कळवा," त्या म्हणाल्या. "म्हणजे बॅग भरायला बरं."

निरीक्षकांनी खुलासा करायला घेतला. म्हातारी म्हणजे गाडी, खोकते ती गाडी, धूर काढते तीही गाडीच. प्रत्येक वाक्यागणिक आपण अधिक खोलात चाललो आहोत हे त्यांना कळत होतं, पण मध्येच थांबणं त्याहून वाईट दिसलं असतं. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तीस वर्षं त्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. खुलासे ऐकून घ्यायची त्यांना सवय होती, आणि त्यांवर विश्वास न ठेवायचीही.

एरवी हे प्रकरण एवढ्यावर मिटलंही असतं. पण आदल्याच मंगळवारी गाडीनं घात केला होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सासूबाईंना गावाच्या दुसऱ्या टोकाला फिजिओथेरपीसाठी न्यावं लागे. त्या मंगळवारी गाडी निम्म्या वाटेत बंद पडली आणि सासूबाई पंक्चरच्या दुकानात, पाठ नसलेल्या स्टुलावर, दोन तास ताठ बसून राहिल्या. महिन्याभरात पाठीला जो काही आराम पडला होता तो त्या स्टुलानं व्याजासकट परत घेतला. घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की यापुढे त्या गाडीत आपण पाऊल ठेवणार नाही. शुक्रवारी उपचार चुकला. त्यात आता ही म्हातारी.

निरीक्षकांची बायको भूलतज्ज्ञ होती. दिवसभर माणसांना झोपवून परत जागं करायचं काम असल्यामुळे घरी ती फार बोलत नसे. रात्री जेवताना तिनं दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल दिला.

"दोघींपैकी एक बदलता येण्यासारखी आहे. ती बदला."

निरीक्षक वजनमापे खात्यात होते. त्यांनी दुकानात पाऊल ठेवलं की दुकानदार तराजूवरचा हात आधी काढून घेत आणि मग नमस्कार करत. पंचवीस वर्षांत त्यांनी कधी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. माणूस सांगतो ते ऐकावं, आणि मग मोजून बघावं, असा त्यांचा बाणा. तेव्हा नवी गाडी घ्यायची ती जाहिराती वाचून किंवा मेव्हण्याला विचारून घेणं त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. गाडी भरवशाची हवी आणि आरामाची हवी. भरवसा म्हणजे वाटेत उभी न राहणं. आराम म्हणजे काय, हे मात्र मोजावं लागणार होतं, आणि ते ज्या पाठीवर मोजायचं ती पाठ त्यांच्याशी बोलत नव्हती.

तीन दिवस विचार करून ते स्टीलची टेप घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेले. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतची उंची मोजायला परवानगी आहे का, असं त्यांनी विचारलं. सासूबाईंनी वर्तमानपत्र खाली न घेता पाय पुढे केला. सत्तेचाळीस सेंटिमीटर भरले. म्हणजे गाडीची सीट जमिनीपासून बरोबर तेवढीच उंच हवी. उंच, धिप्पाड गाड्यांत चढताना शिडी लागली असती आणि बुटक्या गाड्यांत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं. राहिली सेडान. लांब, पसरट, मागे डिकी असलेली, भारदस्त माणसाच्या चालीनं चालणारी सेडान. हे सगळं निरीक्षकांनी वहीत लिहून काढलं आणि बायकोला वाचून दाखवलं. ती ऐकता ऐकता झोपली.

पुढच्या शनिवारी तिघं निघाली. त्या गाडीत पाऊल ठेवणार नाही म्हणालेल्या सासूबाई त्याच गाडीत बसल्या, पण हा शेवटचा प्रवास आहे एवढं बजावून. शेवटचा प्रवास कुणाचा, ते विचारायचं धाडस निरीक्षकांना झालं नाही.

पहिल्या शोरूममधला सेल्समन पडद्याबद्दल बोलत होता. गाडीत केवढा मोठा पडदा आहे, त्यावर बोट फिरवलं की काय काय होतं. सीट जमिनीपासून किती उंच आहे, असं निरीक्षकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "एकदम परफेक्ट हाइट, सर." निरीक्षकांनी गुडघे टेकून टेप लावली. एक्कावन्न भरले. दुसऱ्या शोरूममध्ये बेचाळीस. तिथे सासूबाई आत बसल्या खऱ्या, पण बाहेर काढायला दोन माणसं लागली, आणि त्यांतल्या एकानं "आजी, सावकाश" म्हटल्यामुळे ती गाडी कायमची बाद झाली.

तिसऱ्या शोरूममध्ये त्यांना भेटला तो टायवाला. वय पंचेचाळीसच्या घरातलं, आवाज मऊ, आणि समोरच्याची कसलीही मागणी विचित्र न वाटून घेण्याची कला. निरीक्षकांनी टेप काढली तर त्यानं दुसरं टोक धरलं. पाणसळ काढून सीट सरळ आहे का बघितलं तर तो वाकून बुडबुडा कुठे थांबतो ते बघू लागला. दरवाजा बंद करायला किती जोर लागतो हे बघायला निरीक्षकांनी खिशातून ताणकाटा काढून हँडलला अडकवला, तेव्हा तर त्यानं आकडा स्वतःच्या डायरीत टिपून घेतला. सीट सत्तेचाळीस भरली. बरोबर सत्तेचाळीस. निरीक्षकांनी तीनदा मोजलं आणि तिसऱ्यांदा त्यांच्या डोळ्यांत चमक आली.

मग टायवाल्यानं सहज विचारलं, जुनी गाडी आम्हाला देणार असाल तर तिची तब्येत कशी आहे, कधी त्रास दिलाय का.

"रोज वापरतो," निरीक्षक म्हणाले. "आजपर्यंत कधी थांबलेली नाही."

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. सासूबाईंनी बघितलं नाही, पण त्यांची मान किंचित वर झाली. दहा ग्रॅमची खोट सापडली तरी दुकानदाराला नोटीस काढणारे निरीक्षक क्षणभर टेप गुंडाळण्यात गर्क झाले.

करड्या रंगाच्या त्या सेडानमधून चक्कर मारायला टायवाला स्वतः चालवायला बसला, शेजारी निरीक्षक आणि मागे मायलेकी. शोरूमपासून तळ्यापर्यंत जायचं, तळ्याला वळसा घालून परत यायचं, वीस मिनिटांचा रस्ता. पहिली पाच मिनिटं निरीक्षक पुढच्या काचेखाली ठेवलेल्या पाण्याच्या पेल्याकडे डोळे लावून बसले होते. पाणी हललं नाही. मग मागे काही आवाज नाही म्हणून ते वळले. सासूबाई झोपल्या होत्या.

ही साधी गोष्ट नव्हती. दुसरं कुणी गाडी चालवत असताना सासूबाई आयुष्यात कधी झोपल्या नव्हत्या. त्या रस्त्यावर, ब्रेकवर आणि चालवणाऱ्याच्या हातांवर नजर ठेवून असत. निरीक्षकांनी खाणाखुणांनी बायकोला विचारलं, खरंच? बायकोनं आईच्या श्वासाकडे मिनिटभर बघितलं.

"खरी झोप आहे," ती कुजबुजली. "माझा रोजचा धंदा आहे."

गाडी शोरूमच्या आवारात परतली तरी त्या उठल्या नाहीत. उठवू या म्हटल्यावर निरीक्षक हात जोडायचेच बाकी राहिले. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांच्या हातून सासूबाईंच्या पाठीला सुख मिळत होतं. शिवाय ही झोप किती वेळ टिकते हे बघणंही महत्त्वाचं होतं. टायवाल्यानं गाडी झाडाखाली सावलीत लावली, गारवा मिळावा म्हणून इंजिन चालू ठेवलं, किल्ली आतच राहू दिली. शोरूमच्या समोरच्या काचेतून गाडी दिसते, कागद बघायला आपण आत तिथेच बसू, असं ठरलं. पाचच मिनिटांचं काम होतं.

निरीक्षकांचं कुठलंच काम पाच मिनिटांत होत नसे. त्यांनी गाडीची माहिती देणारं जाड पुस्तक मागवलं आणि धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगांबद्दलचं प्रकरण वाचायला घेतलं. मध्येच मॅनेजर आला, ऊन तुमच्या डोळ्यांवर येतंय म्हणाला आणि अगत्यानं पडदा ओढून गेला. पंचवीस मिनिटांनी निरीक्षकांनी पुस्तक मिटलं, समाधानानं पडदा सारला, आणि बघतात तो झाडाखाली सावली होती, गाडी नव्हती.

पहिल्या क्षणी तिघांनाही वाटलं की आपण चुकीच्या झाडाकडे बघतोय. मग टायवाला धावत बाहेर गेला आणि चालत परत आला. त्याचा आवाज अजूनही मऊ होता, पण टाय वाकडा झाला होता.

उलगडा मॅनेजरनं केला. दाताचे एक डॉक्टर होते. गेल्या सात महिन्यांत त्यांनी हीच गाडी अकरा वेळा चालवून बघितली होती आणि अजून त्यांचं ठरत नव्हतं. इतक्यांदा येऊन येऊन ते घरचेच झाले होते, त्यामुळे सोबत कुणी जात नसे. आज बाराव्यांदा आले. गाडी झाडाखाली तयार उभी आहे, किल्ली आतच आहे, जाऊन या, असं मॅनेजरनं त्यांना सांगितलं होतं.

"आणि मागं झोपलेलं माणूस त्यांना दिसलं नाही?" निरीक्षकांच्या बायकोनं विचारलं.

मॅनेजर म्हणाला, मागच्या काचा काळ्या आहेत. आणि डॉक्टर एकटेच असतात, सहा वर्षांपूर्वी पत्नी गेल्या, मुलंबाळं नाहीत. अकरा वेळांत त्यांनी मागची सीट एकदाही बघितलेली नाही. मागे बसणारं कुणी नाही, मग बघायची कशाला.

डॉक्टरांना फोन लावला. बंद होता. गाडी चालवताना ते फोन बंद ठेवत, इतके ते नियमाचे पक्के. सासूबाईंचा फोन लावला तर तो निरीक्षकांच्या बायकोच्या पर्समध्ये वाजला. वाट बघू या, येतीलच वीस मिनिटांत, असं मॅनेजर म्हणाला. वीस मिनिटं गेली, तीस गेली. आता मॅनेजरला गाडीची काळजी वाटू लागली, बायकोला आईची, आणि निरीक्षकांना या गोष्टीची की सासूबाई जिथे कुठे असतील तिथे त्या जाग्या झालेल्या असणार आणि हे आपण मुद्दाम केलं असं समजत असणार. कुणाला तरी देऊन टाकावी, हे आपलेच शब्द त्यांच्या कानात घुमत होते.

शेवटी टायवाला म्हणाला, जाऊन बघू. शोरूमच्या बाकीच्या गाड्या गिऱ्हाइकांबरोबर बाहेर होत्या. "सर, तुमची आहे ना," तो म्हणाला. "कधी न थांबणारी."

जुनी गाडी तिसऱ्या किल्लीला सुरू झाली. निरीक्षकांनी ती काढली, टायवाला शेजारी, बायको मागे. तळ्याला पूर्ण वळसा झाला, करडी गाडी दिसली नाही. तळ्याकाठी एक माणूस कुत्रा फिरवत होता, त्याला विचारलं, तर त्यानं पाच करड्या गाड्या गेल्याचं सांगितलं. परत येताना पुलाचा चढ लागला. चढाच्या मध्यावर गाडी खोकली, धूर काढला आणि बसून राहिली.

टायवाल्यानं कोट काढून व्यवस्थित घडी करून सीटवर ठेवला, टाय शर्टच्या खिशात खोचला आणि खाली उतरून ढकलायला लागला. बायकोही उतरली. निरीक्षक स्टिअरिंग धरून बसले होते. आरशात त्यांना टायवाल्याचा घामाघूम चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर कसलीही तक्रार नसणं हेच सहन होण्यासारखं नव्हतं. मागे वाहनांची रांग लागली. भोंगे वाजू लागले. त्यातला एक भोंगा अगदी हळू, माफी मागितल्यासारखा वाजला.

ती करडी सेडान होती. ती अलगद शेजारी येऊन थांबली. डाव्या बाजूची काच खाली गेली. पुढच्या सीटवर, चालवणाऱ्याच्या शेजारी, सासूबाई बसल्या होत्या.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "थांबली का?"

पुढचा उलगडा नंतर तुकड्यातुकड्यांनी झाला, थोडा डॉक्टरांकडून, थोडा सासूबाईंकडून. तळ्याजवळच्या वळणावर सासूबाईंना जाग आली. बघतात तर मुलगी नाही, जावई नाही, आणि एक अनोळखी, पांढऱ्या केसांचा गृहस्थ गाडी चालवतोय. दुसरं कुणी असतं तर किंचाळलं असतं. सासूबाईंनी आधी त्याचे हात बघितले. मग म्हणाल्या, "वळण्याआधी हात दाखवायचा असतो. नाहीतर दिवा तरी."

डॉक्टरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, दिवा दाखवून घेतली, आणि पुढे दोन मिनिटं ते स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. त्यांना वाटलं, सहा वर्षांच्या एकटेपणानं अखेर आपल्या डोक्यावर परिणाम केला. मागून पाण्याची बाटली पुढे आली तेव्हा त्यांची खात्री पटली की भास कधी पाणी देत नाहीत. मग ओळख झाली. ते दाताचे डॉक्टर आहेत हे कळल्यावर सासूबाईंनी त्यांना जे सांगितलं ते त्यांनी पोटच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं. त्यांची कवळी वर्षभर टोचत होती. चावताना त्रास होई, बोलताना त्रास होई, म्हणून त्या कमी बोलत आणि जे बोलत ते टोचून बोलत. डॉक्टर म्हणाले, दवाखाना वाटेतच आहे, पाच मिनिटांचं काम. डॉक्टरांचंही कुठलंच काम पाच मिनिटांत होत नसे. त्यांनी कवळी घासली, बसवली, परत घासली, आणि या नादात फोन चालू करायचं राहूनच गेलं. चाळीस मिनिटांनी सासूबाई वर्षभरात पहिल्यांदा मनापासून हसल्या आणि डॉक्टर त्यांना परत पोहोचवायला निघाले, ते थेट या पुलावर आले.

जुनी गाडी चौघांनी मिळून कडेला लावली. मग सगळे करड्या गाडीत बसले. मागे, टायवाला आणि बायकोच्या मध्ये, निरीक्षक. सीट खरंच उत्तम होती. पाठीला कुठे टोचत नव्हतं, फक्त मनाला टोचत होतं. पुढे डॉक्टर आणि सासूबाई हळू आवाजात बोलत होते.

शोरूममध्ये पोचल्यावर डॉक्टर सरळ मॅनेजरच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "मी ही गाडी घेतोय."

मॅनेजर उभा राहिला. सात महिन्यांत हे वाक्य त्यानं डॉक्टरांकडून ऐकलं नव्हतं. हीच का, या रंगाची, लगेच न्यायची का, हे त्यानं तीनदा विचारलं. हीच, डॉक्टर म्हणाले. बाईंनी सांगितलंय, अकरा वेळा बघून जे ठरत नाही ते बाराव्यांदा बघूनही ठरणार नाही, तेव्हा आता सही करा.

निरीक्षक पुढे झाले. अत्यंत सभ्यपणे, पण ठामपणे, त्यांनी सांगितलं की आज ही गाडी आम्ही आधी बघितली, आम्ही आधी मोजली, आमच्या वहीत सगळे आकडे आहेत. मॅनेजर हळहळला. या प्रकारची तयार गाडी ही एकच, पुढची चार महिन्यांनी येणार. निरीक्षकांनी मोठ्या आशेनं सासूबाईंकडे बघितलं. ज्या पाठीसाठी हा सगळा खटाटोप, ती पाठ आता तरी आपल्या बाजूनं उभी राहील असं त्यांना वाटलं.

सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही मोजली. घेतली त्यांनी."

आणि मग, जावयाचा चेहरा बघून त्यांना थोडी दया आली असावी, त्या पुढे म्हणाल्या की फिजिओथेरपीची काळजी करू नका. डॉक्टरांचा दवाखाना त्याच रस्त्यावर आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी ते मला नेतील, आणतील. तुम्ही तुमची गाडी सावकाश घ्या.

निरीक्षकांनी चार महिन्यांनंतरची गाडी नोंदवली. घरी आले तेव्हा त्यांना हरल्यासारखं वाटत होतं, पण आठवड्याभरात लक्षात आलं की यात आपलं काही वाईट झालेलं नाही. मंगळवार सुटला, शुक्रवार सुटला. बरोबर सव्वानऊला करडी गाडी फाटकाशी येई, डॉक्टर उतरून दार उघडत, आणि सासूबाई आत बसत. पाठ सुधारत होती. घरात हसण्याचा आवाज येऊ लागला. महिन्याभरानं डॉक्टर गुरुवारीही येऊ लागले. गुरुवारी कसला उपचार असतो, असं निरीक्षकांनी बायकोला विचारलं. तिनं त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की भुलीचं इंजेक्शन द्यायच्या आधी ती पेशंटकडे तसंच बघत असावी.

तिसऱ्या महिन्यात एका रविवारी दुपारी चार वाजता डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि सोफ्याच्या अगदी कडेवर बसले. निरीक्षकांना वाटलं, पेट्रोलच्या खर्चाबद्दल बोलायला आले असतील. त्यांनी मनातल्या मनात घरापासून फिजिओथेरपीपर्यंतचं अंतर काढायला सुरुवात केली.

"तुम्ही सांगताय की मी सांगू?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्हीच सांगा, बाई," डॉक्टर म्हणाले.

"आम्ही लग्न करतोय," सासूबाई म्हणाल्या. "तुमची काही हरकत असेल तर आत्ताच बोला, नंतर खुलासे नकोत."

निरीक्षकांच्या बायकोनं दोघांचा रक्तदाब किती असतो ते विचारलं, आणि उत्तर ऐकून ती उठून आईच्या गळ्यात पडली. सव्वीस वर्षांच्या संसारात निरीक्षकांना सासू होती, सासरा नव्हता. बायकोचे वडील ती शाळेत असतानाच गेले होते. अभिनंदन म्हणावं की नमस्कार करावा, हे ठरेपर्यंत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "गाडी कशी चाललीय?"

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. दोघांनाही त्या वेळी एवढंच बोलणं सोयीचं होतं.

लग्न सह्या करून झालं. सासूबाई दोन बॅगा घेऊन डॉक्टरांच्या घरी राहायला गेल्या. शेजारची खोली रिकामी झाली. निरीक्षक फोनवर आता मोकळेपणानं काहीही बोलू शकत होते आणि का कोण जाणे, फोनवर बोलायचं त्यांनी कमी केलं होतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी त्यांची गाडी आली. जुनी गाडी टायवाल्यानं आधीच नेली होती, एक अक्षर न बोलता, ओढून. त्यामुळे निरीक्षकांना आणि त्यांच्या बायकोला शोरूमपर्यंत सोडायला डॉक्टर आले, सोबत सासूबाई होत्याच. नवी गाडी झाडाखाली उभी होती. तोच करडा रंग. टायवाल्यानं किल्ली दिली, कागद पुढे केले आणि सहज, ओळख वाढवायची म्हणून, डॉक्टरांकडे बघून विचारलं, "हे आपले कोण, सर?"

टायवाल्याला सगळं माहीत होतं की नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळणं शक्य नव्हतं. निरीक्षकांनी तोंड उघडलं. डॉक्टर, असं म्हणता आलं असतं. ओळखीचे, असंही म्हणता आलं असतं. डॉक्टर सही कुठे करायची ते बघत असल्यासारखे कागदात डोकं घालून उभे होते, आणि त्यांनी सही करायची कुठेच नव्हती.

"सासरे," निरीक्षक म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढला. तो स्वच्छ होता, तरी बराच वेळ पुसला.

मग सासूबाई म्हणाल्या, आता आलोच आहोत तर एक चक्कर मारू, आमची गाडी इथेच राहू द्या. निरीक्षक स्वतःच्या नव्या गाडीच्या स्टिअरिंगमागे बसले. बायको आणि सासूबाई मागे बसल्या. डॉक्टर, सासऱ्यांचा मान म्हणून, पुढे शेजारी. गाडी अजिबात धक्का न देता आवाराबाहेर पडली. मागून सासूबाईंनी डावीकडची सायकल दाखवली, उजवीकडचा टेम्पो दाखवला. निरीक्षकांना त्याची सवय होती, ते हो हो करत राहिले. तळ्याच्या वळणाशी डॉक्टरांनी घसा खाकरला. बहुतेक हा शब्द ते मनात घोळवत होते आणि आज पहिल्यांदाच तोंडातून बाहेर काढत होते.

"जावईबापू," ते प्रेमानं म्हणाले, "जरा हळू."

निरीक्षकांनी वेग कमी केला. तो मुळात वीसच होता.